आवाज अडला कुठे? लॅपटॉपच्या आतल्या माइकची दुरुस्ती

सर्वांत आधी हातातली टाचणी खाली ठेवा. लॅपटॉपचा माइक बंद पडला की लक्ष जातं ते कॅमेऱ्याशेजारच्या बारीक भोकाकडे. त्यात धूळ बसली असेल, टोकदार काहीतरी घालून काढून टाकू, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या भोकाच्या आत अगदी जवळच सिलिकॉनचा एक पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. डोक्यावरचा केस याच्या कितीतरी पट जाड. टाचणी तिथवर पोचली तर जो माइक कदाचित ठणठणीत होता, तो खरोखरच संपतो.

‘माइक गेला’ म्हणून समोर आलेले बरेच लॅपटॉप मी उघडले आहेत. त्यांत माइक स्वतः गेलेला क्वचितच सापडला. तोंडातून निघालेला आवाज फाइलपर्यंत पोचताना लांबची वाट चालतो, आणि बहुतेक वेळा तो या वाटेत कुठेतरी अडलेला असतो. वाट माहीत असली की अडलेली जागा शोधता येते. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

ही वाट हवेपासून सुरू होते. एक मीटरवरून आपण सहज बोलतो तेव्हा हवेचा दाब सुमारे ०.०२ पास्कलने वरखाली होतो. वातावरणाचा एकूण दाब आहे एक लाख पास्कलच्या आसपास. म्हणजे आपलं बोलणं ही हवेच्या दाबातली पन्नास लाखांत एक इतकी थरथर. ती ओळखायला त्या इवल्याशा पडद्याने हलावं लागतं, आणि तो हलतो एका नॅनोमीटरपेक्षाही कमी. त्याच्यासमोर काही मायक्रॉन अंतरावर चाळणीसारखी भोकं असलेली दुसरी पट्टी स्थिर बसवलेली असते. पडदा आणि पट्टी मिळून विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर होतो, ज्याची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, साधारण एक पिकोफॅरड इतकी अगदी थोडी असते. पडदा जवळ आला की धारिता वाढते, लांब गेला की घटते. शेजारची चिमुकली चिप हा फरक टिपते. पडद्याला लागणारा दहा-एक व्होल्टचा विद्युतदाबही तीच चिप तयार करते. हे सगळं तीन-चार मिलिमीटर लांबीच्या धातूच्या डबीत बसतं. अशा माइकला ‘मेम्स’ माइक म्हणतात.

मेम्सच्या आधी लॅपटॉपमध्ये इलेक्ट्रेट माइक असायचे. बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली त्याचं आधुनिक रूप तयार केलं. प्लास्टिकच्या पातळ पटलात विद्युतभार कायमचा साठवून ठेवायचा, म्हणजे बाहेरून मोठा व्होल्टेज द्यायची गरज उरत नाही, ही त्यामागची कल्पना. जुन्या लॅपटॉपमध्ये असा गोल, दोन तारांचा माइक निघाला तर काम सोपं. तेवढ्याच मापाचा नवा आणायचा, जे टोक बाहेरच्या धातूच्या टोपीला जोडलेलं दिसतं ते ग्राउंड हे लक्षात ठेवायचं आणि दोन तारा सोल्डर करायच्या. मेम्सचं तसं नाही.

मेम्सच्या संवेदनशीलतेची एक गंमत सांगतो. टोकियोचं इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्स विद्यापीठ आणि अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं की, लेझरच्या झोताची तीव्रता कमीजास्त करत तो या माइकच्या भोकात सोडला, तर माइकला ते बोलणंच वाटतं! बोलून चालणाऱ्या उपकरणांना त्यांनी लांबून, एक शब्दही न उच्चारता, आज्ञा दिल्या.

लॅपटॉपमधला मेम्स माइक बहुधा डिजिटल असतो. तो सेकंदाला दहा ते तीस लाख वेळा फक्त ‘एक’ किंवा ‘शून्य’ सांगत राहतो. दाब वाढला की एकांची गर्दी वाढते, घटला की शून्यांची. खोली शांत असेल तर दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे. जिवंत माइक शांततेतही गप्प नसतो, तो सतत काहीतरी सांगत असतो. म्हणून माइक तपासताना आवाज ऐकण्याआधी त्याची शांतता ऐकावी.

ते असं करायचं. आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी, विशेषतः गोंगाट दाबणाऱ्या, आधी बंद करा, कारण त्या बारीक आवाज पुसून टाकतात आणि फसगत होते. मग माइकची पातळी पूर्ण वाढवून दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. हलकी सळसळ ऐकू आली तर चिप जिवंत आहे, तारही शाबूत आहे. अडथळा माइकच्या आधी, म्हणजे भोकापाशी असण्याची शक्यता मोठी. आवाजाची रेघ अगदी सपाट आली, खाली कसलीही सळसळ नाही, तर माइककडून काही येतच नाही. एक तर कुठेतरी तो बंद केलेला आहे किंवा तार तुटली आहे. तार तुटली की तो एक-शून्यांचा ओघ एकाच टोकाला अडकतो आणि पुढच्या प्रक्रियेत त्यातून निव्वळ शांतता उरते. आणि मधूनच आवाज, मधूनच गायब, सोबत खरखर, असं असेल तर संशय झाकणाच्या बिजागरीतून जाणाऱ्या तारांवर.

सपाट रेघ आली म्हणून लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नये. अनेक कीबोर्डवर माइक बंद करण्याची कळ असते, लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या ‘बायॉस’ या मूळ सेटिंगच्या पानावरही बऱ्याचदा माइकचा पर्याय असतो, आणि अनेक ॲपना माइकची परवानगी वेगळी द्यावी लागते. हे सगळं पाहून झाल्यावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून बघा. त्यासाठी लॅपटॉपमधलं काही पुसावं किंवा बदलावं लागत नाही. तिथे माइक चालला तर दोष तुमच्या सॉफ्टवेअरचा, आणि झाकण उघडायची गरज संपली.

हेडफोनचं छिद्रही विसरू नका. त्यात प्लग घातला गेला की नाही हे ओळखण्यासाठी आत सोय असते. धुळीमुळे किंवा वाकलेल्या पत्तीमुळे ती अडकली, तर लॅपटॉपला वाटतं की हेडसेट लावलेला आहे. मग तो नसलेल्या हेडसेटचा माइक ऐकत बसतो. कोणता माइक निवडलेला आहे हे सेटिंगमध्ये बघितलं की हा घोळ लगेच कळतो.

आणखी एक दोष मला फार विलक्षण वाटतो. माइकचा आवाज डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्यांनी येतो, आणि काही लॅपटॉपमध्ये त्यांपैकी एकीचा संकेत उलटा येतो. डावीकडे लाट वर तर उजवीकडे तीच लाट खाली. दोन्ही वेगवेगळ्या ऐकल्या तर उत्तम आवाज, पण कॉल करणारं ॲप त्यांची बेरीज करून एक वाहिनी बनवतं आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. माइक, तारा, चिप सगळं शाबूत, आणि पलीकडच्याला ऐकू येत नाही काहीच! लिनक्समध्ये अशा लॅपटॉपसाठी ‘इन्व्हर्टेड इंटर्नल माइक’ नावाचा उपाय मुद्दाम ठेवलेला आहे. तो नसेल तर एक वाहिनी पूर्ण बंद करून बघा. आवाज एकदम परत आला तर चोर सापडला.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन माइक असतात, त्यामागे कारण आहे. ते एकमेकांपासून ७ सेंटीमीटरवर असतील तर बाजूने आलेला आवाज दुसऱ्या माइकपर्यंत सुमारे ०.२ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे नमुने, घेणाऱ्या यंत्रात हा उशीर जवळपास दहा नमुन्यांचा झाला. समोरून आलेला आवाज मात्र दोघांकडे एकदमच येतो. या फरकावरून संगणक समोरच्याचं बोलणं उचलतो आणि बाजूचा गलका दाबतो. दोघांपैकी एकच भोक बुजलं तरी हे गणित कोलमडतं, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो.

आता भोकाकडे येऊ. कॅमेरा झाकण्यासाठी लावलेली सरकपट्टी किंवा स्टिकर माइकच्या भोकावर तर आलेला नाही ना, हे आधी पाहावं. धूळ असेल तर कोरडा मऊ ब्रश भोकावरून हलकेच फिरवावा. भिंतीवर कागद चिकटवायची मऊ पुट्टी अलगद टेकवून उचलली तरी वरची धूळ निघते. फुंकर, दाबलेल्या हवेचा डबा, व्हॅक्यूम क्लीनर आणि अल्कोहोल या चारही गोष्टी टाळा. दाब समान राहावा म्हणून पडद्यापाशी हवेला जायला अगदी बारीकशीच वाट ठेवलेली असते. जोराचा झोत तिथून निघून जाऊ शकत नाही आणि पडदा फाटू शकतो. हे माइक बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या माहितीपत्रकांत भोकात हवा मारू नका आणि हवा ओढूही नका, असं बजावतात.

स्क्रीन बदलल्यावर आवाज बिघडतो, त्याचं कारण मात्र निराळंच असतं. माझ्याच लॅपटॉपच्या बाबतीत हे घडलं. स्क्रीन बदलून आली आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडचे म्हणू लागले की तुझं बोलणं लांबून येतंय आणि टायपिंग मात्र हातोड्यासारखं ऐकू येतंय. स्क्रीनभोवतीची चौकट उघडली तर माइक जागेवर, जोडणीही घट्ट. नव्हती ती फक्त माइक आणि चौकटीचं भोक यांच्यामधली रबराची छोटी गादी. ही गादी बाहेरच्या हवेला थेट माइकपर्यंत नेणारी नळी असते. ती नसली किंवा सरकली की बाहेरचा आवाज चौकटीच्या पोकळीत पसरतो, आणि लॅपटॉपच्या आतले खडखडाट व स्पीकरचा आवाज त्याच पोकळीतून माइकपाशी येतात. पलीकडच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो तोही अनेकदा याचमुळे. दाट फोमची चकती कापून तिला मधोमध भोक पाडलं, बरोबर रेषेत बसवली आणि आवाज पूर्ववत झाला. या चकतीचा चिकट भाग माइकच्या तोंडावर येणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यायला हवी.

बिजागरीचा दोष शोधायला सोपा, दुरुस्तीला किचकट. माइकच्या तारा बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या तारांसोबत बिजागरीतून खाली मदरबोर्डकडे जातात. झाकण दिवसातून पाच वेळा उघडलं-मिटलं तरी पाच वर्षांत ही घडी नऊ हजारांहून जास्त वेळा पडते. वारंवार वाकलेलं तांबं कडक होतं, त्याला बारीक भेगा जातात आणि एक दिवस ते तुटतं. तपासण्यासाठी रेकॉर्डिंग सुरू करून एक, दोन, तीन असे अंक मोजत झाकण हळूहळू मागेपुढे करा. ठरावीक कोनात अंक गळाले तर तार तिथेच मोडली आहे. कॅमेराही त्याच वेळी गचके देत असेल तर शंकाच नको.

लॅपटॉप उघडताना पूर्ण बंद करून, चार्जर काढून, सर्वांत पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रीनकडे जाणाऱ्या केबलमध्ये मागच्या प्रकाशाचा वीजपुरवठा असतो. बॅटरी जोडलेली असताना ती केबल ओढली तर माइकच्या नादात मदरबोर्ड जायचा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो आतल्या सर्किटच्या पट्टीला इजा करतो. कधी कधी माइकचा कनेक्टर नुसता सैल झालेला असतो आणि काढून पुन्हा बसवला की काम संपतं. केबल बदलायचीच असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका, जुन्या केबलवर छापलेला क्रमांक जुळवा. एकाच मॉडेलमध्ये स्क्रीनप्रमाणे केबल वेगळ्या निघतात.

आत द्रव गेला असेल तर वेळ महत्त्वाची. नुसतं पाणी असेल आणि लॅपटॉप लगेच बंद केला असेल, तर सावकाश वाळल्यावर माइक पुन्हा बोलू शकतो. चहा-कॉफीतली साखर मात्र वाळून पडद्याला पट्टीशी चिकटवते, आणि ते सोडवण्याचा घरगुती मार्ग नाही. हेअर ड्रायरचा झोत तर मुळीच नको.

आणि चिपच मेली असेल तर? तिचे सोल्डरचे टाके तिच्या पोटाखाली असतात, साधं सोल्डरिंग आयर्न तिथवर धड पोचत नाही. गरम हवेचं यंत्र लागतं. अनेक माइकचं तोंडही खालच्या बाजूलाच असतं, भोवती सोल्डरचं कडं असतं, आणि ते कडं जरा जरी अपुरं जुळलं तरी आवाज बाजूने गळतो. सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या फ्लक्सचा एक थेंब आत गेला की नवा माइकही वाया. माझं मत स्पष्ट आहे: सुटी चिप बदलण्याच्या फंदात पडू नये, माइक ज्या पट्टीवर बसवलेला आहे ती अख्खी पट्टीच बदलावी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती कॅमेऱ्यासह एकत्र मिळते आणि एका कनेक्टरवर बसते. तीही मिळत नसेल तर यूएसबी माइक लावणं यात कमीपणा काही नाही. तोंडाच्या जवळ ठेवता येतो म्हणून तो बहुधा आतल्या माइकपेक्षा चांगलाच ऐकतो.

सगळं जोडून झालं तरी चौकट लगेच दाबून बसवू नका. आधी पहिल्यासारखंच दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा, मग नेहमीच्या अंतरावरून बोला, मग एकेका भोकावर बोट ठेवून दोन्ही माइक आपापल्या वाहिनीवर ऐकतात का ते तपासा. शेवटी झाकण पूर्ण मागे नेऊन पुन्हा जवळजवळ मिटेपर्यंत एक ते वीस मोजा. रेकॉर्डिंग ऐकताना विसाच्या वीस अंक सापडले की मग चौकटीचे खटके दाबा.