मुख्य अभियोक्त्याची निवड सुरक्षा परिषद करत नाही

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मुख्य अभियोक्ता (आरोपींविरुद्ध खटला चालवणारा वकील) संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद नेमते आणि तो हवे त्याला अटक करवतो, असा मजकूर मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. गैरसमजाला कारण आहे: १९९३ मध्ये युगोस्लाव्हियासाठी स्थापलेल्या तात्पुरत्या न्यायाधिकरणाचा अभियोक्ता ती परिषदच नेमत असे. हे कायमस्वरूपी न्यायालय मात्र १९९८ च्या रोम करारातून उभे राहिले. त्याच्या ४२ व्या कलमानुसार सदस्य राष्ट्रांची सभा गुप्त मतदानाने, एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक मतांनी अभियोक्ता निवडते; तिथे कोणाचाही नकाराधिकार चालत नाही, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुदत साधारणतः ९ वर्षे, फेरनिवड नाही. अटकेच्या वॉरंटसाठी तो फक्त अर्ज करतो, वॉरंट न्यायाधीश काढतात. पडताळणीसाठी न्यायालयाच्या संकेतस्थळावरील करारातले ५८ वे कलम पाहावे.