वाघ नसलेल्या गावाचं निसर्गछायाचित्रण

पुण्याच्या आसपास वाघ नाही. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत, भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे, पण ज्या जनावरासाठी ताडोबाच्या दारात पहाटे जिप्सी गाड्यांची रांग लागते, ते इथे नाही. आज पावसाळाभर पुणेकरांच्या मोबाइलवर सोनकीची फुलं, आमरी (रानातलं ऑर्किड), नवरंग पक्षी आणि काजव्यांची जी छायाचित्रं फिरतात, त्यांचं मूळ या अभावात आहे, असं मला वाटतं. मोठं जनावर नसल्यामुळे इथली नजर खाली वळली. गवतात, कातळाच्या खाचेत, तळ्याकाठच्या चिखलात काय आहे ते शोधू लागली.

ही नजर कॅमेऱ्याच्या आधीची आहे. गणेशखिंडीतलं वनस्पती उद्यान १८७३ सालचं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंद १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध करणारे थिओडोर कुक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी केली, तिचीच संस्था म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालं, प्राणी सर्वेक्षणाचं त्यानंतर काही वर्षांनी. एकाच गावात इतके जाणकार असल्याचा परिणाम असा झाला, की टेकडीवर फिरायला जाणाऱ्या माणसाला एखादं अनोळखी फूल दिसलं तर विचारायला कुणीतरी सापडायचं. ‘सुंदर आहे’ म्हणून झाल्यावर ‘पण आहे काय?’ हा प्रश्न इथे लगेच येतो. पुण्यातल्या निसर्गछायाचित्रणाचा मला सर्वांत आवडणारा गुण तो हाच.

जगात मात्र या कलेची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. इंग्लंडमध्ये चेरी आणि रिचर्ड कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचं छायाचित्र घेतलं, ते या प्रकारातल्या अगदी पहिल्या यशस्वी छायाचित्रांपैकी मानलं जातं. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांची रात्री फ्लॅश उडवून टिपलेली हरणं १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात आली. भारतात कॅमेरा जंगलात गेला तो बहुतेक वेळा बंदुकीसोबतच. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला साहेब किंवा संस्थानिक, ही आपल्याकडच्या जंगल-छायाचित्रांची जुनी ओळख. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात कुमाऊँच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार बांधली आणि वाघाने स्वतःच कॅमेऱ्याची कळ दाबावी अशी सोय केली, तेव्हा जिवंत वाघ रात्रीच्या अंधारात पहिल्यांदा नीट दिसू लागला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीचं छायाचित्र त्यानंतर मिरवण्यासारखं राहिलं नाही.

पुण्यातल्या हौशी माणसाच्या हाती हा छंद खऱ्या अर्थाने आला तो फिल्मच्या जमान्यात, आणि ते दिवस सोपे नव्हते. आयात केलेली रंगीत स्लाइड फिल्म महाग, एका रोलमध्ये ३६ चौकटी, आणि फिल्मचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, ६४ किंवा १०० इतकीच. सह्याद्रीतली फुलं फुलतात नेमकी श्रावण-भाद्रपदात, ढगांनी उजेड खाल्लेला असताना. वर पठारावर वारा. करंगळीच्या नखाएवढं फूल हलत असताना संथ फिल्मवर ते स्पष्ट यावं म्हणून लोक छत्रीचा आडोसा करत, फ्लॅशवर रुमाल धरत. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स परवडत नसे, मग साधीच लेन्स रिंग लावून उलटी बसवायची. रोल धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळत नसे, आणि कळेपर्यंत फुलांचा हंगाम संपलेला असे. नीट आलेल्या स्लाइडींना पुढे पुण्याच्या दमट हवेत बुरशी लागायची, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या.

त्या स्लाइडी दाखवायची पद्धतही वेगळी होती. एखादा छोटा हॉल, पांढरा पडदा, प्रोजेक्टरचा खटका. दाखवणारा प्रत्येक चित्रासोबत नाव सांगे, महिना सांगे, कुठल्या प्रकारच्या जमिनीवर दिसलं ते सांगे, आणि मागच्या रांगेतला कुणी जाणकार नाव चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करे. बालगंधर्व कलादालनातल्या प्रदर्शनांमध्येही चित्राखाली नाव लिहिण्याची ही शिस्त दिसे. तिथे आलेला मुलगा किंवा मुलगी पुढच्या रविवारी सिंहगडच्या दरीत दुर्बीण घेऊन नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक शोधायला जाई.

याच काळात माणसाच्या हातून, काहीसं अनपेक्षितपणे, एक मोठी पाणथळ जागा तयार झाली. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरलं. उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले, हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाक. पुण्यापासून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. तिथल्या मच्छीमारांनी पक्ष्यांच्या जागा आणि सवयी आधीच ओळखल्या होत्या. कॅमेरेवाले येऊ लागल्यावर त्यांच्या होड्या पहाटे पक्षी दाखवायलाही निघू लागल्या. आपण पाहिलेल्या अनेक सुंदर चित्रांत होडी वल्हवणाऱ्याची समज निम्म्याहून जास्त असते, आणि चित्राखाली त्याचंही नाव असायला हवं.

२००३ च्या सुमारास सामान्य माणसाला झेपतील असे डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारे) कॅमेरे बाजारात आले आणि फिल्मचा खर्च संपला. उडता रोहित टिपायला शंभर चौकटी खर्च करणं आता चैन राहिलं नाही. चूक त्याच जागी दिसू लागली, त्यामुळे शिकणं वेगाने झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक चित्रावर तारीख-वेळ आपोआप नोंदली जाऊ लागली. वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतीचा रंग उडतो, पण छायाचित्रात तो टिकतो. शिवनेरीच्या कड्यांवर उगवणारी शिंदळ माकुडी ही वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास शास्त्राला ओळख करून दिली. तिच्या तांबूस-जांभळ्या पाकळ्यांवरचे पिवळे ठिपके कडा न चढणाऱ्यांनाही पाहता येतात ते छायाचित्रांमुळे.

सौंदर्य दाखवल्याने काय बदलतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण माझ्या मते सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूरकडची माळरानं. सरकारी कागदांवर अशी जमीन वर्षानुवर्षं पडीक म्हणून गणली गेली. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकी माळ तसाच. मग छायाचित्रकारांनी तिथला लांडगा सोनेरी गवतात उभा केला, चिंकारा, खोकड, धाविक पक्षी दाखवले. गवत म्हणजे उणं पडलेलं जंगल नव्हे, हे लोकांच्या डोळ्यांना पटलं. अलीकडे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत माळरान सफारी सुरू केली आहे. शहरातही तेच. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण असो, की वेताळ टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याचा वाद, टेकडी रिकामी नाही हे सांगायला तिथली फुलं, पाखरं, मोर यांची छायाचित्रं नागरिकांच्या हाताशी असतात.

पण दाखवण्याने गर्दीही येते. राजमाचीत मे-जूनमध्ये काजव्यांनी उजळलेल्या झाडाचं जे चित्र आपण पाहतो, ते वीस-तीस सेकंदांच्या अनेक चौकटी एकावर एक ठेवून तयार होतं. नुसत्या डोळ्यांना झाड एवढं उजळलेलं दिसत नाही. ते चित्र बघून आलेल्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या काजव्यांच्या नर-मादीतली उजेडाची भाषाच बिघडवतात. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं, आणि हंगामात तिथे प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं, घरट्यासमोरची पानं बाजूला करणं, हे प्रकारही कॅमेऱ्यांसोबत वाढले. ज्या घरट्याच्या चित्राने कीर्टन बंधूंनी सुरुवात केली, ते चित्र आज निसर्गछायाचित्रणाच्या अनेक स्पर्धा स्वीकारतच नाहीत. हे अगदी योग्य आहे.

म्हणून आता जाणते छायाचित्रकार नाव, महिना आणि फार तर तालुका लिहितात, नेमकी जागा लिहीत नाहीत. मोबाइलने काढलेल्या चित्रात जीपीएसची नोंद असते, ती चित्र टाकण्याआधी काढून टाकतात. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन व्यासपीठावर संकटग्रस्त प्रजातीचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. इतरांना साधारण २० किलोमीटरची चौकट दिसते, अचूक बिंदू नोंद करणाऱ्यापुरता आणि त्याने विश्वासाने दिलेल्या अभ्यासकांपुरता राहतो.