अनिल आणि अनल: एका वेलांटीचं अंतर

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायचं काम जोरात चालू होतं. एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ताज्या निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘अनलप्रसाद’. मी तांडेलकाकांना विचारलं, "काका, नाव अनिल ना?" "व्हय, नातवाचं नाव." पेंटरकडून पहिली वेलांटी राहिली होती, आणि तेवढ्यानं वाऱ्याची आग झाली होती.

अनिल म्हणजे वारा. मूळ संस्कृत धातू ‘अन्’, श्वास घेणे. प्राण, अपान, व्यान या शब्दांतही हाच ‘अन’ आहे. ग्रीकमधला ‘आनेमॉस’ म्हणजे वारा आणि लॅटिनमधला ‘आनिमा’ म्हणजे प्राण, हेही याच कुळातले. म्हणून अनिल हा नुसता वाहणारा वारा नाही, जगाचा श्वास आहे. ईशोपनिषदात मरणसमयीची प्रार्थना आहे, ‘वायुरनिलममृतम्’: देहातला प्राण त्या अमर वाऱ्यात मिळून जावो. मला या शब्दाचा सगळा जीव तिथे दिसतो.

बंदरावर मात्र अनिल कुणी म्हणत नाही. दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा, रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. शिडाच्या दिवसांत मतलईवर होड्या बाहेर पडत आणि खाऱ्यावर परतत. अनिल राहिला कवितेत आणि माणसांच्या नावांत. आत्माराम रावजी देशपांडे (1901–1982) यांनी कवितेसाठी हेच नाव घेतलं.

अनल म्हणजे अग्नी. परंपरेनं दिलेली फोड ‘न अलम्’, ज्याला कधी ‘पुरे’ म्हणता येत नाही तो.

घोटाळा खरा होतो तो संधीत. मलयानिल म्हणजे मलय पर्वतावरचा वारा, दावानल म्हणजे आपला वणवा. वडवानल समुद्रातली आग, जठरानल पोटातली. ‘नि’ ऐकू आला तर वारा, ‘न’ ऐकू आला तर आग. महाभारतातल्या अष्टवसूंच्या यादीत तर दोघे खेटूनच बसलेत: ‘अनिलोऽनलः’.

काकांनी पेंटरला हाक मारली. पण पहिली वेलांटी ‘न’च्या आधी येते, आणि ‘अ’ला लागून जागाच उरली नव्हती. रंग खरवडून अख्खं नाव पुन्हा लिहावं लागलं.