मधल्या पानांचं काय करायचं?

पोकरमध्ये तगडी पानं आली तर फार विचार करावा लागत नाही, फुटकळ आली तरी नाही. घोळ होतो तो मधल्या पानांचा. मुंबईत बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला, आणि तीन पत्तीत पाळी आली की चाल करायची नाहीतर पॅक. काहीही न लावता पाळी पुढे सरकवायची सोय तिथे नाही. पोकरमध्ये ती आहे, तिला चेक म्हणतात. दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळून तयार झालेला गडी होल्डेमला (हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं असा पोकरचा प्रकार) बसला की हीच सोय विसरतो आणि मधल्या पानांवरही बेट लावून मोकळा होतो.

एक डाव मांडून बघू. टेबलावर इस्पिक राजा, चौकट नव्वी, किलवर छक्की, बदाम तिर्री आणि शेवटी, म्हणजे रिव्हरला, इस्पिक दुर्री. आपल्या हातात किलवरचा एक्का आणि नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या ढिगात, १००० चिप्स. (चिप्सच, रुपये नव्हेत, जुगाराविरुद्धचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे.) समोरच्याने चेक केलं, आता शेवटची पाळी आपली. ५०० लावायचे का?

त्याच्याकडे काय काय असू शकतं ते मोजायचं. राजा-राणी धरा: एक राजा टेबलावर गेला, उरले ३, राण्या ४, म्हणून ३ × ४ = १२ प्रकार. राजा-गुलामाचेही १२. गुलामांची जोडी ६ प्रकारे, दश्श्यांची ६. हे ३६ प्रकार आपल्याला हरवतात. आता आपल्यापेक्षा हलके. एक नव्वी टेबलावर, एक आपल्याकडे, म्हणून बाहेर फक्त २. राणी-नव्वी, गुलाम-नव्वी आणि दश्शी-नव्वी प्रत्येकी ८, मिळून २४. अठ्ठ्यांची आणि सत्त्यांची जोडी मिळून १२. सिक्वेन्सची वाट पाहून फसलेले अठ्ठी-सत्ती १६. एकूण ५२.

८८ पैकी ५२ वेळा आपण पुढे, म्हणजे ५९ टक्के. इथेच माणूस फसतो. पुढे आहोत ना, मग लावा! पण ५०० च्या बेटला अठ्ठी-सत्ती पानं टाकणार, अठ्ठ्या-सत्त्यांच्या जोड्याही टाकणार. कॉल, म्हणजे तितकेच चिप्स लावून पानं बघणं, येणार तो नव्वीवाल्या २४ प्रकारांकडून आणि वरचढ ३६ प्रकारांकडून. जे पानं टाकतात त्यांच्याविरुद्ध पॉट आपण चेक करूनही जिंकलाच असता, त्यामुळे ते हिशेबात येतच नाहीत. चेकची सरासरी कमाई ५९१ चिप्स, बेटची ५२३. प्रत्येक बेटमागे ६८ चिप्स पाण्यात.

थोडक्यात, रिव्हरवर शेवटची पाळी आपली असेल तर कॉल करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्यामागे असतील तरच व्हॅल्यूसाठी, म्हणजे हलक्या पानांकडून कॉल मिळवायला, लावायचं. बेट लहान करून २०० लावले तर त्या १२ जोड्याही कॉल करतील. मग ३६ विरुद्ध ३६, फायदा शून्य. वर चेक-रेझची, म्हणजे आधी चेक करून मग आपल्या बेटवर चढवण्याची, टांगती तलवार आहेच. पण समोरच्याचं चेक हीसुद्धा माहिती असते. राजावाला असता तर त्यातल्या निम्म्या वेळी त्याने स्वतःच बेट लावली असती असं गृहीत धरलं तर वरचढ प्रकार ३६ वरून २४ वर येतात. तेव्हा २०० ची बेट सरासरी ३२ चिप्स जास्त मिळवते. समोरचा कसा खेळतो हे ठाऊक नसेल तर हा आकडा कागदावरच राहतो.

याच प्रश्नाचं गणित गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये फार स्वच्छ सुटतं. दोघांना ० ते १ मधला एकेक आकडा मिळतो. पहिल्याने लावायचं किंवा चेक, दुसऱ्याने कॉल किंवा फोल्ड (पानं टाकणं). बेट पॉटइतकी असेल तर पहिला वरच्या २/९ पानांवर लावतो, तळाच्या १/९ वर ब्लफ करतो, आणि मधली दोन तृतीयांश पानं चेक. दुसरा ५/९ च्या वरच कॉल करतो. पहिल्याची सीमा ७/९, म्हणजे ५/९ आणि १ यांच्या बरोबर मध्ये: सीमेवर कॉल करणारे निम्मे पुढे, निम्मे मागे. ब्लफसाठी तळाची पानं निवडली जातात, कारण ती चेक करूनही जवळपास काहीच जिंकत नाहीत. मधली पानं ब्लफला वापरणं म्हणजे शोडाउनला, शेवटी पानं उघडल्यावर, मिळणारा पॉट उगाच धोक्यात घालणं.

पाळी आधी आपली असेल तर निम्म्याचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. आपण चेक केल्यावर समोरचा चांगल्या पानांवर लावणार आणि आपण कॉल करणारच असू, तर ते पैसे तसेही जाणार. त्याची हलकी पानं मात्र चेक करून फुकटात शोडाउन बघतील. अशा वेळी पॉटच्या पाव भागाची छोटी बेट निम्म्यापेक्षा कमी वेळा जिंकूनही परवडू शकते.

आणि हे सगळं रिव्हरपुरतं. टर्नला, म्हणजे टेबलावर चौथं पान आल्यावर, त्याच अठ्ठी-सत्तीवाल्याला पंजी किंवा दश्शी चालते, म्हणजे उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी ८, साधारण १८ टक्के. आपण चेक केलं तर तो पत्ता त्याला फुकट मिळतो. अर्ध्या पॉटची बेट लावली तर कॉल परवडायला त्याला जिंकण्याची शक्यता २५ टक्के लागते, आणि आहे ती १८.