घाटवाट (कोकण)

घाटवाट : सह्याद्रीच्या माथ्यावरचा देश आणि पायथ्याचे कोकण यांना जोडणारी, पायी चढण्या-उतरण्याची वाट. ‘घाट’ म्हटले की आज मोटाररस्ताच आठवतो. या नोंदीत मात्र जिथे चाक चालत नाही, फार तर पाठीवर गोणी लादलेला बैल जाऊ शकतो, अशाच वाटांचा विचार केला आहे. मीठ, सुकी मासळी व तांदूळ वर नेणारे आणि गूळ, डाळी घेऊन उतरणारे लोक हे या वाटांचे जुने धनी. आता सुटीच्या दिवशी मुलाबाळांना, मित्रमंडळींना घेऊन येणारे डोंगरभटके त्या वापरतात.

भूरचना : सह्याद्रीचा उत्तर व मध्य भाग लाव्ह्याचा बनलेला असला, तरी तो जपानच्या फुजी (३,७७६ मी.) किंवा आफ्रिकेतील किलिमांजारो (५,८९५ मी.) यांसारखा हिम अंगावर घेतलेला शंकू नाही. तशा पर्वतांत लाव्हा व राख मुख्यतः मध्यवर्ती मुखातून बाहेर पडून भोवती साचते. इथे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वारंवार वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. या थरांच्या ‘दक्खन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आज हा खडक सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर आढळतो. एखाद्या किल्ल्याचा खोलगट माथा म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड, असे अनेकदा सांगितले जाते, ते खरे नाही. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर येथील गरम पाण्याची कुंडेही जिवंत ज्वालामुखीची खूण नव्हेत. तेथे पाणी भेगांतून खोल जाऊन तापते आणि पुन्हा वर येते.

भूवैज्ञानिकांनी या थरांच्या गटांना जी नावे दिली आहेत, त्यांतील जव्हार, नेरळ, पोलादपूर ही घाटाखालची गावे आहेत. कोकणातून चढणारा माणूस खालच्या, म्हणजे आधीच्या थरांवरून वरच्या, नंतरच्या थरांवर जातो. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असल्याने तो उभा कातळ होऊन राहतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी सच्छिद्र असतो, म्हणून लवकर झिजतो आणि तेथे सपाटी तयार होते. दोन थरांच्या सांध्यात कधी कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. चढताना तो अगदी चेहऱ्यासमोर येतो : विटेच्या रंगाचा, वीतभर ते हातभर जाड, नखाने खरवडला तर भुगा होणारा, पावसाळ्यानंतर महिनाभर ओलसर. वरच्या लाव्ह्याखाली दबलेली व भाजलेली ही जुनी जमीन आहे. कातळाखाली हा पट्टा आतवर झिजला की आडवी कपार तयार होते आणि आडव्या वाटा पुष्कळदा अशा कपारीच धरून जातात.

पश्चिमेची ही उभी भिंत कशी झाली, यावर दोन मते आहेत. जुन्या मतानुसार किनाऱ्याला समांतर मोठा विभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) होऊन पश्चिमेकडचा भाग समुद्रात खचला आणि आजचे कडे म्हणजे त्या विभंगाची उभी बाजू. दुसऱ्या मतानुसार भूभाग तुटून किनारा घडल्यावर कडा मुळात समुद्राजवळ होता. कोकणातील नद्यांनी तो पायथ्याकडून झिजवत पूर्वेकडे मागे नेला. पनवेलच्या परिसरात थर पश्चिमेकडे स्पष्ट कललेले आहेत, त्याला ‘पनवेल वाकण’ म्हणता येईल. दोन्ही पक्ष त्याचा आधार घेतात. माथेरानसारखे मुख्य रांगेपासून सुटलेले डोंगर पाहिले, तर कडा मागे सरकत असताना मागे उरलेले अवशेष म्हणूनच त्यांचा उलगडा सहज होतो. त्यामुळे झिजेचे मत अधिक ग्राह्य वाटते. किनाऱ्यालगतच्या हालचालींचा वाटा त्यामुळे नाकारला जात नाही.

वाटेचे प्रकार : घाटवाटांची परिभाषा ठाकर, कातकरी, महादेव कोळी व गवळी-धनगर यांच्या बोलीतून आली आहे आणि ती कोणत्याही पुस्तकी शब्दांपेक्षा नेमकी आहे. दोन कड्यांमधली, दगडगोट्यांनी भरलेली अरुंद घळ म्हणजे ‘नाळ’. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ आणि बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाकडे (१,४२४ मी.) चढणारी नळीची वाट ही ठळक उदाहरणे. नाळ बहुधा कातळातील भेगेची रेषा धरून उतरते. भेगेत शिरलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतीला डाइक म्हणतात. ती शेजारच्या खडकापेक्षा लवकर झिजली तर तेथे घळ होते आणि टिकून राहिली तर धार. डोंगराची खाली उतरत गेलेली नाकाडी ती ‘सोंड’ किंवा ‘दांड’. कड्यांच्या दोन टप्प्यांमधला रानाचा सपाट पट्टा तो ‘पदर’. कातळटप्प्यावर दोन वासे उभे करून, आडव्या काठ्या वेलींनी बांधून केलेली शिडी ती ‘निसणी’. वेली दर पावसाळ्यानंतर तपासाव्या व बदलाव्या लागतात. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या शिडी घाटात आता लोखंडी शिड्या आहेत.

प्राचीन वापर : सर्वांत जास्त चर्चा झाली ती नाणेघाटाची. मुरबाडजवळील वैशाखऱ्याहून जुन्नरकडे चढणारी ही वाट कल्याण व सोपारा या बंदरांना सातवाहनांच्या मुलखाशी जोडत होती. माथ्यावरील लेण्यात ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जातो आणि सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकातील मानला जातो. काही अभ्यासक तो थोडा आधीचा धरतात. लेखात यज्ञ आणि त्यांप्रीत्यर्थ दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. प्राचीन अंकलेखनाच्या अभ्यासात त्यांना मोठे मोल आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता आणि त्यावरूनच घाटाला नाव पडले, ही समजूत सर्वतोमुखी आहे. व्यापारी वाटेवर जकात असणे स्वाभाविक आहे, पण लेखात या रांजणाचा उल्लेख नाही. म्हणून ही समजूत लोकपरंपरा म्हणून नोंदवणे अधिक सुरक्षित.

सतराव्या शतकात घाटवाटांचे लष्करी महत्त्व वाढले. १६६१ मध्ये कुरवंडे घाटाने उतरणाऱ्या मोगल सरदार कारतलबखानाच्या सैन्याला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडले. तानाजी मालुसरे यांचे पार्थिव १६७० मध्ये मढे घाटाने उमरठला नेले, म्हणून त्या घाटाला हे नाव मिळाले, असे सांगतात. नाव आधीचे की प्रसंग आधीचा, हे केवळ या कथेवरून ठरत नाही. उमरठच्या परिसरात मात्र ती आजही जिव्हाळ्याने सांगितली जाते आणि तो जिव्हाळा हाही इतिहासाचाच भाग आहे. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर शेजारच्या पायवाटांवरील व्यापार ओसरला. देवदर्शन, सोयरीक आणि आठवडे बाजार यांसाठीची ये-जा टिकली.

आजची भटकंती : दिवाळीनंतरचा काळ ते फेब्रुवारीची अखेर हा उत्तम हंगाम. मुले व वडीलधारी बरोबर असतील तर नाणेघाट किंवा भीमाशंकरचा गणेश घाट निवडावा. गणेश घाट लांबचा पण सोपा आहे. नाळा व शिड्या लहानांसाठी नाहीत. कोकणातून भल्या पहाटे निघावे, कारण कडे पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळभर वाटेवर सावली असते. दुपारनंतर तोच काळा कातळ तापून भट्टी होतो आणि खालून दमट वाफ येते. पाणी पदरात क्वचितच मिळते, म्हणून माणशी चार लिटर बरोबर असावे. पाण्याअभावी हातपाय गळालेला तरणाबांड गडीही पदरातून उचलून आणणे किती कठीण असते, हे अशा प्रसंगी धावून येणाऱ्या गावकऱ्यांनाच ठाऊक.

नाळेत एकामागोमाग एक सरळ रेषेत चालू नये. वरच्याच्या पायाखालून सुटलेला गोटा खालच्याला लागतो. एकाने टप्पा ओलांडेपर्यंत बाकीच्यांनी कडेच्या कातळाला चिकटून थांबावे आणि दगड सुटताच मोठ्याने ‘दगड!’ अशी हाक द्यावी. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, तेव्हा धूर, अत्तर व आरडाओरडा टाळावा. पायथ्याच्या वाडीतील वाटाड्या अवश्य घ्यावा. पदरातल्या ढोरवाटांच्या जाळ्यात मळलेली वाट कोणती, हे तो कारवीच्या दाटीतही सहज ओळखतो. त्याचा मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा आणि घासाघीस करू नये. भर पावसात नाळेतून लोंढे येतात, त्या दिवसांत कोणतीही नाळ वर्ज्य समजावी.

दक्षिण कोकण : सिंधुदुर्गात लाव्ह्याचे थर संपत जातात आणि त्यांखालचे बरेच जुने खडक उघडे पडतात. त्यांवर जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, आहेत. येथील वाटांत वेंगुर्ला बंदराला बेळगावशी जोडणारा रामघाट महत्त्वाचा होता. पारपोली म्हणजे आजच्या आंबोली घाटाचा रस्ता झाल्यावर त्याची वर्दळ कमी झाली.