टायर बदलायचाय? आधी दाराचा स्टिकर वाचा

दुकानात आल्यावर पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, "कुठल्या कंपनीचा चांगला?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे : आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर एक छोटा स्टिकर असतो. तुमच्या गाडीला कुठल्या मापाचा टायर लागतो आणि त्यात हवा किती भरायची, हे त्यावर छापलेलं असतं. कंपनीचं नाव नंतर बघू.

टायरवरचे आकडे

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी गाडी म्हणजे स्विफ्ट. तिच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर१४ माप असतं आणि पुढे बहुधा ८५टी असं लिहिलेलं असतं. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे डिस्कचं, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचं, माप इंचात. ८५ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल. एच असेल तर २१०.

घोळ होतो तो इथे. गिऱ्हाईक म्हणतं, "चौदाचा टायर द्या." आता १७५/६५ आर१४ हाही चौदाचाच, आणि डिस्कवर बसतोही. पण मूळ टायरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, तर याचा ५८३. हा बसवला की गाडी १८ मिलिमीटर खाली येते, स्पीडब्रेकरला पोट घासतं, आणि काटा शंभरवर असताना गाडी प्रत्यक्षात चौऱ्याण्णवने धावत असते. उलट वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर१५ बघा. डिस्क मोठी, रुंदी जास्त, तरी व्यास ६२१. म्हणून कंपनी एकाच गाडीला ही दोन्ही मापं देऊ शकते. "जरा रुंद टाका, गाडी भारी दिसते" असं सांगणाऱ्या मित्राला एवढा हिशोब विचारून बघा.

वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरइतकं किंवा त्याच्या वरचं चालेल. खालचं, दोनशे-चारशे रुपये वाचत असले तरी, आम्ही बसवून देत नाही. एकदा-दोनदा गिऱ्हाईक त्यावरून रागावून गेलंही आहे.

जन्मतारीख

टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणारी अक्षरं असतात. त्यांच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे सापडतील. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळ टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते आणि नेमकी ती गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असते. मग मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघावं लागतं.

मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. गाडी जेमतेम अठरा हजार किलोमीटर चाललेली, नक्षी भरपूर, टायर नुकतेच पॉलिश मारून काळेभोर केलेले. "फक्त बॅलन्सिंग करा, नातवाला घेऊन नागपूरला निघालोय." चाक उतरवलं, कापडाने पॉलिश पुसलं, तर बाजूवर केसासारख्या बारीक भेगा. अंगठ्याने दाबलं की उघडायच्या. तारीख निघाली २२१४. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उन्हात उभी राहत असेल तर आणखी लवकर. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, उतरवा. स्टेपनीलाही हाच नियम. ती तर कुणाच्या लक्षातच नसते.

नवीन टायर घेतानाही तारीख विचारा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर बिनधास्त घ्या. त्याहून जुना असेल तर भाव करा, तो तुमचा हक्कच आहे.

नक्षी किती उरली?

नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. मोजायला पट्टी नको. नक्षीच्या खाचेत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आमचं मत विचाराल तर एवढी वाट बघू नये. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. खाच उथळ झाली की भर पावसात वेगात असताना टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेकही कामाचा नाही, स्टिअरिंगही नाही. तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर जूनच्या आधीच बदला.

उन्हाळा, समृद्धी आणि "दोन पॉइंट कमी"

हे जरा सविस्तर सांगतो, कारण चूक करणारे बहुतेक जण काळजीपोटीच करतात. "उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटेल, म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवतो." नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि सुटते. लोखंडाची तार पुढेमागे वाकवली की गरम होते ना, तसंच. शहरात दहा मिनिटांत गाडी थांबते, म्हणून जाणवत नाही. समृद्धीवर मे महिन्यात, चाळिशीपलीकडच्या उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० च्या मर्यादेत दोन तास सलग पळवली की ती उष्णता बाहेर पडायला वावच मिळत नाही. आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. वर सांगितलेले ५१५ किलोही पुऱ्या हवेवरचे आहेत. हवा कमी, आत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि आंब्याची पेटी, म्हणजे टायरची ताकद घटलेली आणि ओझं वाढलेलं. समृद्धी सुरू झाल्यावर आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून खराब टायरच्या गाड्या मागे फिरवल्या, त्या काही उगाच नाही.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुतेक स्टिकरवर वेगळा आकडा असतो, सहलीला जाताना तो पाळा. वाटेत गरम टायरची हवा वाढलेली दिसली तर सोडू नका, ती वाढणारच. नायट्रोजनबद्दल विचारतात. भरा, तोटा नाही. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा महिन्यातून एकदा हवा तपासणं त्याने चुकत नाही.

दोनच बदलायचे असतील तर

नवीन जोडी मागे. यावर आमच्या दुकानात रोज वाद होतो. "इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे पुढेच ना?" पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय काढता, ती सावरते. ओल्या वळणावर मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते. औट्रम घाटात पावसात ते सावरणं घरच्या ड्रायव्हरच्या हातातलं काम नाही. मागची जुनी जोडी ठीक असेल तर ती आम्ही पुढे घेतो. एका आक्सावर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे हवेत.

खड्ड्यात आपटून बाजूला टेंगूळ आलं असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही. बाजूचं पंक्चरही आम्ही काढत नाही, फक्त नक्षीच्या पट्ट्यातलं. आणि रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे "जवळपास नवे" टायर घेण्याआधी खाचेच्या तळाला नखाने खरवडा. घासलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नक्षी कोरलेली असू शकते. आयएसआयची खूण शोधा, कारच्या टायरला ती सक्तीची आहे.

कंपनीचं काय? माप, वजन, वेग आणि तारीख बरोबर असेल तर नावाजलेल्या कंपन्यांपैकी कुठलाही चालेल. "सगळ्यात जास्त किलोमीटर देणारा" मागू नका एवढंच. कडक रबर जास्त टिकतं, पण ओल्या रस्त्यावर साधारणपणे कमी धरतं. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तोही बिलात बघा.

टायरसोबत हवा भरायचं रबरी नोजल नवं टाकतो, ते नको म्हणू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्यायला या, त्याचे पैसे नाहीत. आणि येताना डिकी रिकामी करून या. निम्मा वेळ स्टेपनीवरचं सामान काढण्यात जातो.