खाल्लेलं अंगी का लागत नाही?

सोलापूरकडे कॅन्सरच्या पेशंटला भेटायला गेलं की घरचं माणूस हळूच सांगतं, "खातात थोडंफार, पण अंगी लागंना." पाहुणे मात्र 'नीट खाऊ घाला' असं सुनेलाच ऐकवून जातात. या दोघांत शास्त्राच्या जवळ कोण, याचा निकाल लागायला ऐंशी वर्षं गेली.

जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. नोंदणीत साधारणपणे अवयव, निदान आणि मृत्यू येतात. माणूस किती किलो वाळला हे येत नाही. आयुर्वेदात मेदक्षय हा शब्द जुनाच आहे. आधुनिक वैद्यकाने या खंगण्याचा हिशेब मांडला तो १९३२ मध्ये. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ शील्ड्स वॉरन यांनी कॅन्सरने दगावलेल्या ५०० जणांची शवविच्छेदनं तपासली आणि सुमारे २२ टक्के मृत्यूंचं तात्कालिक कारण खंगणं हेच ठरवलं.

पुढे बरीच वर्षं समज असा, की गाठ बांडगुळासारखी अन्न ओढून घेते. पण गाठ पाव-अर्धा किलोची आणि माणूस दहा किलोंनी उतरलेला, हे गणित जुळत नव्हतं.

दुवा मिळाला तो कॅन्सरमध्ये नव्हेच, सशांमध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी निद्रारोगाच्या परजीवींवर काम करत होते. लागण झालेले ससे हाडांचा सापळा होत, पण त्यांच्या रक्तात चरबी तुडुंब! म्हणजे चरबी होती, पण साठ्यात शिरत नव्हती. रक्तातली चरबी उतरवून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइमच मंदावलेलं होतं. ते मंदावणारं प्रथिन परजीवीचं नव्हतं, सशाच्याच संरक्षक पेशींचं होतं. वैद्यकात खंगण्याला कॅकेक्सिया म्हणतात, म्हणून सेरामींनी त्याला कॅकेक्टिन म्हटलं. १९८५ मध्ये कळलं, की हे आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर एकच. गाठ मारतं म्हणून ज्याचं बारसं झालं, तेच शरीर वाळवत होतं. त्याला रोखणारी औषधं संधिवातात उपयोगी पडली. कॅन्सरच्या खंगण्यात मात्र चालली नाहीत. एकट्या आरोपीवर खटला चालवून भागणार नव्हतं.

बर्मिंगहॅमच्या मायकेल टिस्डेल यांच्या गटाने १९९८ मध्ये रुग्णांच्या लघवीतून चरबी मोकळी करणारा घटक वेगळा केला. तो झिंक-अल्फा-२-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन निघाला. म्हणजे साठा भरत नाही एवढंच नव्हे, तो उपसलाही जातो.

उपसणारा हात कोणता, हे २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या रुडॉल्फ झेक्नर यांच्या गटाने दाखवलं. मेदपेशीतली चरबी फोडायला सुरुवात करणारं एटीजीएल हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत गाठी वाढवल्या. गाठ वाढली, पण चरबी टिकली. खरं आश्चर्य पुढचं: स्नायूही बऱ्यापैकी टिकले. तोवर स्नायू हा मुख्य प्रश्न आणि चरबी किरकोळ, असं मानलं जाई. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या अवस्थेची व्याख्या केली. नेहमीच्या पोषणाने ही झीज पूर्णपणे भरून येत नाही, हे त्या व्याख्येतच आलं.

२०१४ मध्ये आणखी एक वाट उघडली. काही गाठींतून पीटीएचआरपी नावाचं प्रथिन स्रवतं. उंदरांत त्यामुळे पांढरी चरबी तपकिरी चरबीसारखी वागू लागते. साठवण्याऐवजी ती नुसती उष्णता म्हणून जळत राहते. पेशंट निजलेला असताना, डबा तसाच झाकलेला असतानाही.